बरगडी आणि सीट

"किती सीसीचं इंजिन घेऊ?" आज कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाड्यांच्या ट्रॅकवर, एका वडिलांनी विचारलं. शेजारी त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा दहा लॅप मारून बरगडी चोळत उभा होता.

मी त्याच्या कार्टची सीट बघितली. मांडी आणि सीटच्या मधे दोन बोटं आरामात जात होती.

कार्टला सस्पेन्शन नाही, सीटबेल्ट नाही, मागचा ॲक्सल (चाकं जोडणारा दांडा) अखंड, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच गाडी वळते, आणि ते उचलायला चालवणाऱ्याचं वजन सीटमधून मदत करतं. सीट ढिली असली की पोरगं स्टीअरिंगला लटकतं, हात भरून येतात, बरगड्या आपटतात. मग आपण म्हणतो, स्टॅमिना नाही!

रेसिंग सूट आणि रिब प्रोटेक्टर (बरगड्यांचं कवच) घालून सीटचं माप घ्या. कोपर जरा वाकलेलं हवं, गुडघा स्टीअरिंगला लागता कामा नये. वाढतं वय आहे, सीट बदलावी लागणारच. पण म्हणून आधीच मोठी घेऊन ठेवायची नसते, तो काय शाळेचा गणवेश आहे?

सेकंडहँड चेसिस, म्हणजे कार्टचा सांगाडा, घेताना ती उलटी करा. खालचे पाइप घासून चपटे झालेत का, वेल्डिंगला बारीक तडा आहे का, ॲक्सल फिरवल्यावर हलतो का, एवढं बघा. टायरचं प्रेशर साधारण 10-12 पीएसआय, त्यामुळे कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. पेट्रोल पंपावरचा इथे कामाचा नाही.

जाताना वडिलांनी परत विचारलं, "पण इंजिन?"