मोफत साधनाच्या टक्क्यावर किती विसंबावे?

शोधनिबंध किंवा प्रबंधाचे प्रकरण संपादनासाठी हाती येते, तेव्हा त्याला बहुधा वाङ्मयचौर्य, म्हणजे इतरांच्या लेखनातली उचल, तपासणाऱ्या एखाद्या मोफत साधनाचा अहवाल जोडलेला असतो आणि त्यावर ‘९६ टक्के मौलिक’ असे हिरव्या अक्षरांत छापलेले असते. तोच मजकूर पुढे संस्थेच्या अधिकृत यंत्रणेतून गेला की साम्य २५ टक्क्यांवर कसे पोहोचते, असे लेखक हवालदिल होऊन विचारतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते एकाच गोष्टीचे मोजमाप नसते. म्हणून मोफत साधने पारखताना मी टक्क्याकडे जवळजवळ दुर्लक्ष करते. साधन मजकूर कशाशी ताडून पाहते, सलग किती शब्द जुळले की त्याला जुळणी म्हणते आणि सापडलेला स्रोत आपल्यापुढे उघडून ठेवते की नाही, एवढेच पाहते.

यांतला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बहुतेक मोफत संकेतस्थळे आंतरजालावर खुल्या असलेल्या पानांशीच तुलना करतात. वर्गणी भरून वाचायची नियतकालिके, छापील ग्रंथ आणि इतर विद्यार्थ्यांनी पूर्वी सादर केलेले निबंध त्यांच्या नजरेच्या बाहेर राहतात. शिक्षणसंस्था वापरतात त्या टर्निटिन या सशुल्क यंत्रणेकडे यांतली नियतकालिके आणि विद्यार्थ्यांचे निबंध बऱ्याच प्रमाणात आहेत. प्रकाशक ज्या आयथेंटिकेटचा वापर करतात, तेही त्याच कंपनीचे असून क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संघटनेच्या सदस्यांचे लेख त्याला पूर्ण स्वरूपात तुलनेसाठी मिळतात. शैक्षणिक लेखनातली उचल पुष्कळदा नियतकालिकांतून होत असल्यामुळे केवळ खुली पाने चाळणाऱ्या साधनाने ‘काही सापडले नाही’ असे सांगितले, तर त्याचा अर्थ ‘मी जिथे पाहिले तिथे सापडले नाही’ एवढाच घ्यावा.

दुसरा प्रश्न जुळणीच्या लांबीचा. अशी साधने मजकुराचे काही सलग शब्दांचे तुकडे पाडून ते तुकडे ताडून पाहतात. ‘मातीतील ओलावा कमी झाल्यास मुळांची वाढ खुंटते’ हे सात शब्दांचे वाक्य घ्या. तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडले तर पाच होतात. आता कुणी ‘झाल्यास’च्या जागी ‘झाला तर’ लिहून बाकी वाक्य जसेच्या तसे ठेवले, तरी ‘मातीतील ओलावा कमी’ आणि ‘मुळांची वाढ खुंटते’ हे दोन तुकडे जुळतातच, आणि साधनाला संशय घ्यायला जागा मिळते. तेच तुकडे पाच-पाच शब्दांचे पाडले तर ते तीन होतात, आणि तिन्हींत ‘झाल्यास’ असल्यामुळे एकही जुळत नाही. वाक्य तेच आणि उचलही तीच, पण एक साधन ती पकडते आणि दुसरे सोडून देते. लांब तुकडे धरणाऱ्या साधनातून असे जुजबी फेरफार सहज निसटतात. उलट फार लहान तुकडे धरणारे साधन ‘संकलित माहितीचे विश्लेषण करण्यासाठी वर्णनात्मक सांख्यिकीचा वापर करण्यात आला’ यासारखी, कोणत्याही कार्यपद्धतीच्या प्रकरणात येणारी निरुपद्रवी वाक्येही लाल करून ठेवते.

त्यातून टक्का काढायची रीतही प्रत्येकाची वेगळी. काही मोफत साधने एकूण वाक्यांपैकी किती वाक्ये जुळली ते मोजतात, तर टर्निटिनसारख्या यंत्रणा जुळलेल्या मजकुराचे एकूण मजकुराशी प्रमाण काढतात. १००० शब्द आणि ४० वाक्ये असलेल्या मजकुरात दहा-दहा शब्दांची ८ वाक्ये जुळली, तर पहिल्या रीतीने साम्य २० टक्के येते आणि दुसऱ्या रीतीने ८ टक्के. संदर्भसूची आणि अवतरणे हिशेबात धरली की वगळली, यानेही आकडा बराच वरखाली होतो. युरोपातील संशोधकांच्या एका गटाने २०२० साली १५ साधनांची आठ भाषांत चाचणी घेतली होती. ही साधने काही प्रमाणात मदत करतात, पण एकही परिपूर्ण नाही आणि अहवालाचा अर्थ शेवटी माणसालाच लावावा लागतो, असा तिचा निष्कर्ष होता. त्या चाचणीत सशुल्क साधनेही होती, हे लक्षात घेतले म्हणजे मोफत साधनांकडून किती अपेक्षा ठेवायची याचा अंदाज येतो.

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. डुप्लिचेकर आणि स्मॉलएसईओटूल्स ही दोन्ही एका वेळी साधारण १००० शब्द घेतात, वाक्यावाक्याने शोधतात आणि खुल्या पानांचे दुवे देतात. ब्लॉग, विश्वकोश किंवा बातम्यांतून आलेली वाक्ये ती ठीक पकडतात. पण ६०,००० शब्दांचा प्रबंध साठ तुकड्यांत चिकटवणे हा वेळेचा अपव्यय आहे, आणि त्या साठ आकड्यांची सरासरी काढून ती प्रबंधाचे साम्य म्हणून मिरवणे तर त्याहून निरर्थक. ग्रामरलीची मोफत आवृत्ती जुळणी आहे एवढे कळवते आणि कोणत्या स्रोताशी आहे ते पाहायला पैसे मागते. स्क्रिबर टर्निटिनचे तंत्रज्ञान वापरत असल्यामुळे त्याची व्याप्ती मोठी आहे, परंतु तिथेही मोफत मिळतो तो ढोबळ इशारा आणि सविस्तर अहवाल सशुल्क असतो. स्रोत न दाखवता केवळ जुळणी असल्याचे सांगणारा अहवाल लेखकाला घाबरवतो, पण दुरुस्त काय करायचे ते सांगत नाही, म्हणून माझ्या लेखी अशा साधनांचा क्रम बराच खाली लागतो. कॉपीस्केपची मोफत सेवा संकेतस्थळाचा पत्ता मागते. ती संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी आहे, अप्रकाशित प्रबंधाला तिचा उपयोग नाही.

याउलट, ज्यांना कुणी वाङ्मयचौर्य-तपासणीची साधने म्हणत नाही, अशा दोन गोष्टींवर माझा भर असतो. पहिली म्हणजे गूगल स्कॉलर, ही गूगलची संशोधनपर लेखन शोधण्याची सेवा. तिथे वर्गणीच्या मागे असलेल्या पुष्कळ लेखांचाही पूर्ण मजकूर शोधासाठी अनुक्रमित असतो. लेख आपल्याला उघडता आला नाही, तरी जुळलेली ओळ निकालात दिसू शकते. संशयास्पद वाक्यातले आठ-दहा सलग शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधावेत. ते निवडताना पारिभाषिक संज्ञांची रांग टाळून, लेखकाची स्वतःची वळणे जिथे दिसतात असा भाग घ्यावा, कारण संज्ञा सगळ्यांच्या सारख्याच असतात. प्रकरणाच्या मध्यावर शैली एकाएकी बदलते, वाक्ये अचानक सफाईदार होतात किंवा पूर्वी न आलेली संज्ञा ओळख न करून देता वापरली जाते, तिथून सुरुवात केली की हा शोध फारसा वेळखाऊ राहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे डब्ल्यूकॉपीफाइंड. व्हर्जिनिया विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक लुई ब्लूमफील्ड यांनी लिहिलेला हा मुक्तस्रोत प्रोग्राम आंतरजालावर काहीच शोधत नाही. तो आपण दिलेल्या फाइली एकमेकींशी ताडतो आणि जुळलेला मजकूर दोन्ही बाजूंना अधोरेखित करून दाखवतो. दिसायला तो अगदी जुनाट आहे. पण लेखकाने ज्या लेखांवरून टिपणे काढली ते बहुतेक त्याच्या संगणकावर असतातच, आणि नकळत झालेली उचल बव्हंशी त्यांतूनच येते. एका बाजूला आपले प्रकरण आणि दुसऱ्या बाजूला वाचलेले सगळे लेख साध्या मजकुराच्या फाइली करून ठेवले, सलग सहा शब्दांची किमान जुळणी ठरवली की काही मिनिटांत नेमकी वाक्ये हाती येतात. शिवाय ही किमान लांबी आपल्या हातात असते आणि मजकूर संगणकाबाहेर जात नाही.

मजकूर बाहेर जाणे ही क्षुल्लक बाब नव्हे. अप्रकाशित संशोधन एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर चिकटवण्यापूर्वी ते संकेतस्थळ मजकूर साठवून ठेवते का, त्याचा पुढे वापर करण्याचा हक्क मागते का, हे अटींत वाचावे. अटी सापडतच नसतील तर तिथून परत फिरावे. ओळखीच्या कुणाच्या खात्यातून टर्निटिनचा अहवाल काढून घेण्याचीही पद्धत आहे. त्या खात्यात निबंध संग्रहात जमा होण्याची सोय चालू असेल, तर अधिकृत सादरीकरणाच्या वेळी आपलाच निबंध आपल्याच जुन्या प्रतीशी जवळजवळ पूर्ण जुळतो आणि खुलासे करत बसावे लागते.

अहवालाच्या शेजारीच ‘पुनर्लेखन करा’ असे बटण देणाऱ्या साधनांविषयी मात्र माझे मत कठोर आहे. जुळणी दाखवून भीती घालायची आणि लगेच ती पुसण्याचे यंत्र पुढे करायचे, हा धंदा झाला. असे यंत्र शब्दांच्या जागी समानार्थी शब्द बसवत जाते आणि संज्ञांचा पार विचका करते. संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रकाशित लेखांतून अशी विद्रूप शब्दयोजना शोधून काढली. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ (बनावट जाणीव) हे त्यातले गाजलेले उदाहरण. स्रोताचा उल्लेख नसेल, तर शब्द बदलूनही उचल ही उचलच राहते, आणि वर अर्थाचा अनर्थ होतो तो वेगळाच.

मराठी मजकुरासाठी आणखी एक अडचण ध्यानात ठेवावी लागते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला, तरी फाइलीत भलतीच चिन्हे साठवलेली असतात आणि कोणतेही साधन त्याला ‘शंभर टक्के मौलिक’ ठरवू शकते. तो आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही. युनिकोडमध्येही ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: एकात खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा संकेत असतो, दुसऱ्यात साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात, पण सरळ अक्षरतुलना करणाऱ्या यंत्राला ते वेगळे वाटतात. म्हणून मराठी फाइली ताडून पाहण्यापूर्वी मी शोधा-आणि-बदला वापरून दोन्ही बाजूंचा हा अर्धा र एकाच पद्धतीचा करून घेते.