जेवणाच्या सुट्टीत बिघडणारी डिस्क

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या मामांचे प्रेस पार्टचे, म्हणजे प्रेस यंत्रावर दाबून काढलेल्या सुट्या भागांचे, छोटे वर्कशॉप आहे आणि तिथल्या केबिनमधला एकुलता एक संगणक सांभाळणे हे गेली काही वर्षे माझ्याकडे आलेले बिनपगारी काम आहे. त्या संगणकावर डायची म्हणजे साच्यांची ड्रॉइंग, जॉबवर्कची चलने आणि जीएसटीची बिले असतात. त्यावरची लिनक्स ही संगणकप्रणाली मीच बसवलेली असल्यामुळे काहीही अडले की दोष आधी माझा आणि मग यंत्राचा, असा तिथला रिवाज आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत हा संगणक सलग तीन दिवस दुपारी अडला. पडदा चालू, माउसचा बाण हलतो आहे, पण कोणतीही फाईल उघडत नाही, आणि काही साठवू गेले की डिस्कवर आता फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही, असा संदेश येतो. पुन्हा सुरू केला तर बायोसला, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, डिस्कच दिसत नाही. पाठीमागची वायर काढून अर्ध्या मिनिटाने परत लावली की मात्र ती काही घडलेच नाही अशा थाटात हजर होते.

एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने फोनवरच निकाल दिला की एसएसडी, म्हणजे संगणकातली चिपवाली डिस्क, गेली, आणि मामांनी संध्याकाळी नवी आणूनही ठेवली. निकाल वावगा नव्हता, कारण डिस्क चार वर्षांची होती आणि लक्षणे तशीच होती. मला खटकत होती ती एकच गोष्ट. आदल्या शनिवारी, वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी, मी सगळे अपडेट घेतले होते आणि त्यात कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.८ वरून ६.११ वर गेले होते. अर्थात, कर्नेल बदलणे आणि डिस्क मरणे एकाच आठवड्यात घडू शकते, आणि अशा वेळी स्वतःच्या अपडेटला दोष द्यायचा की डिस्कला, हे मनाच्या कलावर सोडले तर उत्तर हवे तसे मिळते. म्हणून प्रयोग करण्याआधी बूटच्या यादीतून जुने कर्नेल निवडून संगणक सुरू केला, सगळी ड्रॉइंग आणि बिले बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली, आणि मगच शोधाला लागलो. हा क्रम चुकला की शोध लागतो पण बिले जातात.

पहिली तपासणी अर्थातच स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिची. बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे कप्पे), प्रलंबित सेक्टर, दुरुस्त न होणारे सेक्टर, सगळीकडे शून्य. केबलचा दोष सहसा ज्यात उमटतो तो १९९ क्रमांकाचा सीआरसी मोजणीचा आकडाही जागचा हलला नव्हता. डिस्कची दीर्घ चाचणीही विनातक्रार पार पडली. इथेच मी थोडा फसलो. ही चाचणी डिस्क स्वतःच्या पोटात करते. तिचा डेटा डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलवरून जातच नाही. त्यामुळे आतल्या चिप धडधाकट आहेत एवढेच तिच्यातून कळते, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातले बोलणे नीट चालले आहे की नाही हे कळत नाही. मी मात्र डिस्क निर्दोष ठरली असे धरून केबल बदलली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच प्रकार पुन्हा घडला.

आता नेमके काय घडते हे पाहायचे तर नोंदी हव्यात, आणि गंमत अशी की नोंदी ज्या डिस्कवर लिहायच्या तीच त्या क्षणी गायब झालेली असते. मागच्या बूटची नोंदवही उघडली तर ती दुपारी सव्वा वाजता शांतपणे संपलेली दिसे, जणू कोणी वाक्याच्या मध्येच उठून गेले आहे. त्यावर उपाय म्हणून नेटकन्सोल चालू केले. कर्नेलचे संदेश डिस्कवर न लिहिता थेट नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाकडे पाठवण्याची ही सोय कर्नेलमध्येच असते. मी माझा लॅपटॉप केबिनमध्ये दुसऱ्या टोकाला लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पडद्यावर सगळी कहाणी क्रमाने उमटलेली होती. आधी साटा पोर्टवर 'फ्रोझन' असा शेरा, मग 'हार्ड रिसेटिंग लिंक', मग 'लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड, प्लीज बी पेशंट' अशी कर्नेलची अदबशीर विनंती, मग गती सहा गिगाबिटवरून तीनवर उतरवण्याचा प्रयत्न, आणि शेवटी डिस्क रद्दबातल. अडकलेल्या आज्ञेची कर्नेल ठरावीक ३० सेकंद वाट पाहते, म्हणूनच बाण हलतो पण काही उघडत नाही असा तो अर्ध्या मिनिटाचा ताटकळा आधी यायचा.

मामांचा संशय विजेवर होता. प्रेस सुरू होताना केबिनमधला दिवा मिचकावतो हे खरेच आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या प्रेस एकदम बंद झाल्यावर व्होल्टेज उसळत असणार, असे त्यांचे म्हणणे. ‘‘अरे, मी तीस वर्षं ही लाइन बघतोय, तू मला कर्नेल शिकवू नको,’’ असे ते म्हणाले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. वेळा त्यांच्या बाजूने होत्या. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी संगणकच उचलून गंगापूर रोडला घरी आणला. तिथे ना प्रेस ना मिचकावणारा दिवा, तरी रात्री दोनच्या सुमारास डिस्क गेली. वीज निर्दोष सुटली, पण कोडे तसेच राहिले, कारण त्याआधी संध्याकाळभर मी डिस्कवर लिहिण्या-वाचण्याचा भडिमार करत होतो आणि तेव्हा तिने एकदाही कुरकुर केली नव्हती.

धागा सापडला तो केबिनमध्ये चलने करणाऱ्या मुलाच्या बोलण्यातून. परत नेल्यावर तो सहज म्हणाला, ‘‘दादा, बुधवारी मी जेवताना पिक्चर लावून ठेवला होता, त्या दिवशी काही झालं नाही.’’ सिनेमाची फाईल त्याच डिस्कवर होती. म्हणजे डिस्कला काम असले की ती ठणठणीत, आणि तिला एकटे सोडले की ती जाते. आजवरच्या माझ्या सगळ्या चाचण्या तिला कामाला जुंपणाऱ्या होत्या; मी ज्या अवस्थेत दोष उद्भवतो ती अवस्थाच स्वतःच्या हाताने मोडून मग दोष शोधत बसलो होतो.

त्यानंतरचे काम तुलनेने सरळ होते. ६.८ आणि ६.११ यांच्यामधली मूळ कर्नेल एकेक करून बसवली आणि प्रत्येकावर संगणक रात्रभर नुसता ठेवून दिला. ६.८ वर दोन रात्री निर्वेध गेल्या, ६.९ वर पहिल्याच रात्री डिस्क गेली. दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून अधिक बदल असतात. ते निम्मे-निम्मे करत गेले तर चौदाएक फेऱ्यांत दोषी बदल सापडतो, पण माझ्या बाबतीत एक फेरी म्हणजे एक रात्र. त्याऐवजी फक्त साटाच्या ड्रायव्हरमधले, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या कर्नेलच्या भागातले, बदल वाचले, आणि ६.९ मधला एक डोळ्यात भरला.

साटाची जोडणी रिकामी असताना वीज वाचवण्यासाठी झोपू शकते. या झोपेच्या दोन मुख्य पायऱ्या आहेत: 'पार्शल' म्हणजे डुलकी, जिच्यातून दहा मायक्रोसेकंदांत उठायचे असते, आणि 'स्लंबर' म्हणजे गाढ झोप, जिच्यातून उठायला दहा मिलिसेकंदांची मुभा असते. झोपायचे कधी हे मदरबोर्ड ठरवू शकतो किंवा, परवानगी असेल तर, डिस्क स्वतःहूनही. लॅपटॉपच्या चिपसेटसाठी ही डिस्कला मोकळीक देणारे मधले धोरण २०१८ पासूनच होते, ६.९ मध्ये लॅपटॉप आणि डेस्कटॉप हा भेद काढून टाकला गेला आणि ते आमच्या मदरबोर्डसारख्या साध्या डेस्कटॉपलाही लागू झाले. पर्यायाच्या नावात 'मोबाईल' हा शब्द मात्र तसाच राहिला आहे, त्यामुळे शोधताना मी तो दोनदा ओलांडून पुढे गेलो. बदल करणाऱ्यांचे चुकले असे मला वाटत नाही. डिस्क आपल्याला झोपता येते असे स्वतः सांगते आणि मग उठत नाही, तर खोटे तिच्या फर्मवेअरचे, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्रॅमचे, आहे. इतकी वर्षे डेस्कटॉपवर कोणी तिला झोपवलेच नाही म्हणून ते उघडे पडले नव्हते.

तरीही हा तर्कच होता. धोरण ठरवणारी एक छोटी फाईल प्रत्येक पोर्टसाठी कर्नेल उघडी ठेवते आणि तिच्यातला शब्द चालू संगणकावरच बदलता येतो. ६.११ वर तिच्यात 'मॅक्स परफॉर्मन्स', म्हणजे झोपूच नको, असे लिहिले आणि चार दुपारी, चार रात्री काहीही झाले नाही. पण खरी खात्री झाली ती उलट्या प्रयोगाने. जुन्या, निर्दोष ठरलेल्या ६.८ वर त्याच फाईलमध्ये हाताने नवे धोरण लिहिले आणि संगणक सोडून दिला. पहाटे लॅपटॉपवर तोच शेरा, तोच 'प्लीज बी पेशंट'. ती ओळ पाहून एवढा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. जुन्या कर्नेलवर डिस्क पाडता येते आणि नव्यावर तीच डिस्क टिकवता येते हे दिसल्यावर मामांनीही विजेचा मुद्दा सोडला, निदान माझ्यासमोर.

आता बूटच्या ओळीत एएचसीआय या साटाच्या ड्रायव्हरच्या त्या धोरणाची किंमत १, म्हणजे 'मॅक्स परफॉर्मन्स', अशी कायमची लिहून ठेवली आहे. थोडी वीज जास्त जाते, पण प्रेसच्या बिलापुढे ती मोजायला कोणी बसणार नाही. डिस्कचे मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि दोन्ही प्रयोगांच्या नोंदी मी साटाच्या देखभालकर्त्यांना पाठवल्या आहेत. अशा खोडकर डिस्कची एक यादी कर्नेलमध्येच असते, आणि तिच्यात नाव असलेल्या मॉडेलला झोपेची सक्ती केली जात नाही. या खोडींना तिथे वर्षानुवर्षे 'हॉर्केज' असा अजब शब्द होता. २०२४ मध्ये तो बदलून 'क्वर्क' केला गेला. मला जुनाच जास्त आवडायचा.

मामांनी आणलेली नवी एसएसडी बॅकअपसाठी लावली आहे. चलने करणारा मुलगा अजूनही जेवताना पिक्चर लावतो, आणि विचारले की म्हणतो, डिस्क जागी राहावी म्हणून.