केमिस्ट्री आणि कथक, दोन्ही

आज लेकीला घेऊन मॅसॅच्युसेट्समधलं माउंट होल्योक कॉलेज बघून आलो. तिला केमिस्ट्री करायचीय आणि कथकही सोडायचं नाहीये. मेरी लायन या रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी १८३७ मध्ये ही संस्था काढली, आणि आज इथे नृत्यातही पदवी घेता येते! स्मिथ, ॲमहर्स्ट अशा शेजारच्या कॉलेजांतले नृत्याचे वर्गही इथल्या मुलींना खुले असतात.

लेकीने स्टुडिओत शिरताच बूट काढले, तत्कार (कथकमधलं पायांचं काम) करून आधी जमीन पारखली. मग थेट विचारलं, लॅब आणि तालीम एकाच वेळी आली तर? (हे प्रत्येक कॉलेजात विचाराच.)

दहावीनंतर मला नाच सोडायला लावला होता. हिच्यावर ती वेळ मी येऊ देणार नाही. फी भरमसाट आहे, म्हणून आर्थिक मदतीचे फॉर्म आजच भरायला घेतलेत.