गल्ल्यावर कोण बसतं?

दृष्टिहीन माणसांना चहा-भजीचे गाडे, छोटी कँटीनं उभी करून द्यायला मी मदत करते, असं म्हटलं की डिचोलीच्या बाजारात काय नि लग्नाच्या पंगतीत काय, प्रश्न ठरलेला: "ते सगळं खरं हो, पण गल्ल्यावर कोण बसतं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तोच बसतो. ज्याचा गाडा, त्याचा गल्ला.

मला नवल याचं वाटतं, की लोकांना काळजी आधी पैशाची लागते, उकळत्या तेलाची नंतर. मिरची भजी तेलात सोडली की मोठा चरचराट होतो. पिठातलं पाणी उडत जातं तसा आवाज बारीक होतो. तो पुरेसा बसला की झारा घालायचा. ग्लासात चहा ओततानाही सूर चढत जातो, तो ऐकून हात थांबतो. कढई, झारा, साखरेचा डबा यांच्या जागा मात्र ठरलेल्या हव्यात. खरा ताप होतो तो डबा वापरून वीतभर लांब ठेवणाऱ्या मदतनिसाचा. असल्या पोराला मालक आधी झापतो, मग घरी पाठवतो.

आता पैसे. शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची ६६. चार मिलिमीटरचा फरक गर्दीत कसा कळणार? म्हणून कडेच्या उठावाच्या रेघा चाचपायच्या: शंभरावर चार, दोनशेवर चार रेघा आणि मध्ये दोन वर्तुळं, पाचशेवर पाच. नोट मळून गुळगुळीत झाली की रेघाही जातात. मग फोनवरचं रिझर्व्ह बँकेचं, नोट ओळखून सांगणारं 'मनी' ॲप, २०२० साली आलेलं. हल्ली निम्मं गिऱ्हाईक स्कॅन करूनच पैसे देतं आणि साउंडबॉक्स रक्कम बोलून दाखवतो. खोटा स्क्रीनशॉट दाखवून डोळस दुकानदाराला फसवता येतं. आमचा माणूस बॉक्स बोलल्याशिवाय पाव हातात देत नाही.

घोडं अडतं ते कागदावर. चालू खातं उघडायला गेलो, तर एका बँकेत साहेब म्हणाले, "भावाला जोडीला घ्या." दृष्टिहीन आहे म्हणून चेकबुक, एटीएम, कर्ज नाकारायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेचं जून २००८ चं परिपत्रक आहे. त्याची प्रत मी पर्समध्येच ठेवते. घरचेही कमी नसतात. अन्नसुरक्षेची नोंदणी भावाच्या नावे, क्यूआर पुतण्याच्या खात्याचा, आणि भजी तळायला हा! याला मी धंदा म्हणत नाही, फुकटची चाकरी म्हणते. म्हणून कागद त्याच्या नावावर होईपर्यंत मी शेगडी पेटवू देत नाही. माझ्यावर चिडलेले भाऊ बरेच आहेत.

आणि जागा. अमेरिकेत १९३६ सालीच रँडॉल्फ-शेपर्ड कायदा झाला. केंद्र सरकारच्या इमारतींत खाण्यापिण्याचे स्टॉल चालवायला परवानाधारक दृष्टिहीनांना प्राधान्य मिळालं. १९७४ च्या दुरुस्तीनं कॅफेटेरियाही त्यात आले. प्रशिक्षण आणि सुरुवातीचं सामान राज्याची यंत्रणा देते, धंदा मात्र त्या माणसाचा. आपल्याकडे एसटीडी बूथ देताना दिव्यांगांचा असा विचार व्हायचा. मोबाइल आले, बूथ गेले. त्या माणसांना दुसरी जागा द्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात व्यवसायासाठी सवलतीची जमीन देताना पाच टक्के आरक्षण आहे, चांगलंच आहे. पण गाडेवाल्याला जमीन घेऊन काय करायचंय? त्याला हवा असतो कचेरीच्या जिन्याखालचा कोपरा, पाण्याचा नळ आणि अकराच्या चहाचं हक्काचं गिऱ्हाईक.

तेव्हा पणजीत, वाळपईत, कुठंही सरकारी कचेरीतलं कँटीन बंद पडल्याचं कानावर आलं तर मला तेवढं कळवा. गल्ल्याची चिंता करू नका.