डबल बेल : चौथा भाग कुठवर आला, आणि ‘कन’ची गोष्ट

‘डबल बेल’ या माझ्या चित्रकथेच्या (स्क्रीनवर खाली सरकवत वाचायची उभी पट्टी) चौथ्या भागाचं पेन्सिलकाम रविवारी संपलं. ४१ चौकटी झाल्या. शाई निम्म्यावर आहे, रंगाला अजून हात लावलेला नाही.

नव्यांसाठी थोडक्यात: दत्ताराम हा १९९६ सालचा एसटी कंडक्टर, चिपळूण–कराड गाडीवरचा. त्याने दोरी ओढून एक बेल दिली की अख्खं जग जागच्या जागी थांबतं, डबल बेल दिली की सुटतं. मधल्या वेळात फक्त तोच हलू शकतो, तेही त्याला श्वास रोखून धरवेल तोवर. साल १९९६ का, तर मला तिकिटांचा ट्रे आणि पंचाची टिकटिक हवी होती. मशीनमधून सरसरत येणाऱ्या तिकिटाला ती मजा नाही.

या भागात कुंभार्ली घाटात दरड कोसळते आणि दत्ताराम बेल देतो. इथेच माझं दीड महिना घोडं अडलं. चित्रकथेत थांबलेला काळ दाखवायचा कसा? चित्रं मुळात थांबलेलीच असतात! आधी सगळ्यावर निळी छटा टाकून पाहिली, तर रात्र झाल्यासारखं वाटलं. मग वेगाच्या रेघा काढून टाकल्या. भाच्याला दाखवलं तर म्हणाला, “मामा, हे अजून पूर्ण व्हायचंय ना?”

उत्तर सापडलं ते अक्षरं बसवताना. आपल्याकडे आवाज दोन तुकड्यांत येतो: खण-कन, धप-कन, धाड-कन. म्हणून दरडीचा पहिला दगड टपावर आदळतो तिथे फक्त ‘धाड’ लिहिलं. पुढे तीन स्क्रीन भरतील एवढ्या लांबीत एकही ध्वनिशब्द नाही. गाडीतून लोकांना उचलून बाहेर काढणारा दत्ताराम आणि हवेत लटकलेली माती, बस्स. मग डबल बेल, आणि तिच्याखाली उरलेलं ‘कन’. ‘धाड’ची शिरोरेषा उजवीकडे तुटकी ठेवली आहे आणि ‘कन’ची डावीकडून तशीच तुटकी सुरू होते. त्यासाठी इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे आकार करून रेषा हाताने कापली. फॉन्ट बलू, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा. त्याच्या गुबगुबीत अक्षरांना असा घाव छान दिसतो. उभ्या पट्टीचा हा फायदा: ८०० पिक्सेल रुंदीत खाली हवी तेवढी रिकामी जागा सोडता येते, आणि वाचकाच्या बोटाला ती वेळ जाणवते.

संवादांचं मात्र अजून रडगाणंच आहे. इंग्रजी कॉमिकमधली सगळी कॅपिटल अक्षरं एका उंचीची, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटवल्या तरी चालतं. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो. ओळींमधलं अंतर वाढवलं की फुगा फुगतो आणि दत्तारामचं डोकं झाकतो. शेवटी संवादच छाटले. “अहो, तुम्ही सगळ्यांनी ताबडतोब खाली उतरा”चं “उतरा उतरा!” झालं. तसंही कंडक्टर हेच म्हणेल.

रंगांत खाकीची पंचाईत आहे. चिखल, दरड, गणवेश, सगळं एकाच जातीचं. १९६२ साली हल्क पहिल्या अंकात करडा होता, पण छपाईत तो करडा एकसारखा येईना म्हणून पुढे हिरवा झाला. मला तशी सूट नाही. हिरव्या गणवेशातला कंडक्टर कोण मानेल? म्हणून गणवेश तोच ठेवून घाट पावसाळी हिरवा करतोय आणि दरडीची माती जवळजवळ जांभळी. क्रिता या रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन चौकटी करून पाहिल्या, दत्ताराम उठून दिसतो.

‘कन’ची चौकट भाच्याला परत दाखवली. तो ‘कन’पाशी आला, थबकला आणि ‘धाड’ शोधायला बोटाने सर्रकन वर गेला. आता उरलेल्या १९ चौकटींची शाई.