बास्केटबॉल, पोलाद आणि डेट्रॉईटचं महापौरपद

१९६६ साली डेट्रॉईटला डेव्ह बिंग नको होते. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडताना, पहिली निवड कोणाची, हे त्या काळी नाणेफेकीवर ठरायचं. डेट्रॉईट पिस्टन्सचा डोळा होता कॅझी रसेलवर. तो मिशिगन विद्यापीठाचा, म्हणजे घरचाच लाडका. पिस्टन्स टॉस हरले, न्यूयॉर्क निक्सनी रसेलला उचललं आणि दुसऱ्या क्रमांकावर सिराक्यूज विद्यापीठातला एक सडपातळ मुलगा, डेव्ह बिंग, डेट्रॉईटच्या पदरात पडला. पहिल्याच मोसमात तो लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला. १९६७-६८ मध्ये २,१४२ गुण करून तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला.

माझी बिंग यांच्याशी ओळख मात्र खेळामुळे झाली नाही, स्टीलमुळे झाली. मी डेट्रॉईटच्या उपनगरात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात काम करते. दिवसभर कॉइल (स्टीलच्या पत्र्याची गुंडाळी), जाडी, रुंदी, डिलिव्हरी आणि पेमेंट याच गोष्टी. या धंद्यातली जुनी माणसं बोलायला लागली की बिंग यांच्या कंपनीचं, बिंग स्टीलचं, नाव हमखास निघतं. तिथून मी मागे मागे वाचत गेले. वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली. त्यांच्याबद्दल दोन वाक्यं फार सहज बोलली जातात. एक, ‘नाव होतं म्हणून धंदा चालला.’ दुसरं, ‘त्यांच्या काळात शहर बुडालं.’ दोन्ही मला अन्यायकारक वाटतात.

बिंग वॉशिंग्टनमध्ये गरीब घरात वाढले. वडील गवंडीकाम करत. पाच वर्षांचे असताना खेळता खेळता डाव्या डोळ्यात खिळा गेला. शस्त्रक्रियेला पैसे नव्हते. डोळा वाचला, पण नजर कायमची अधू झाली. पुढे १९७१ मध्ये एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याचं बोट चांगल्या, म्हणजे उजव्या डोळ्यात गेलं आणि डोळ्याचा आतला पडदा सरकला. शस्त्रक्रिया झाली आणि त्याच मोसमात ते पुन्हा खेळायला उतरले. इतक्या लांबून बास्केटमध्ये चेंडू टाकायचा आणि दोन्ही डोळे असे! त्यांचे जुने सामने बघताना हे माझ्या मनातून जात नाही.

त्या काळातल्या खेळाडूंच्या कमाईचा विचार करताना आजचे आकडे डोक्यात आणू नका. बिंग यांचा पहिल्या वर्षाचा पगार होता १५,००० डॉलर. घर घ्यायला कर्ज मागितलं तर एका बँकेने नकार दिला. लीगमधला नावाजलेला खेळाडू, पण कृष्णवर्णीय. बिंग यांनी मग काय केलं, तर मोसम संपला की नॅशनल बँक ऑफ डेट्रॉईटमध्ये नोकरी धरली, तीही काउंटरवरच्या कॅशियरपासून. कर्ज कोणाला मिळतं, कोणाला नाही आणि कागदावर काय बघतात, हे त्यांनी बँकेच्या आत बसून शिकून घेतलं. बाकीचे खेळाडू सुट्टीवर असायचे तेव्हा हे चाललेलं असायचं. ‘नावावर धंदा चालला’ म्हणणाऱ्यांनी निदान या वर्षांकडे बघावं.

पिस्टन्सनंतर वॉशिंग्टन बुलेट्स आणि शेवटचा एक मोसम बोस्टन सेल्टिक्स, असं करत १९७८ मध्ये ते निवृत्त झाले. डेट्रॉईटला परतले आणि पॅरागॉन स्टील नावाच्या कंपनीत दोन वर्षं शिकाऊ म्हणून राहिले. लीगच्या निवडक खेळाडूंच्या ऑलस्टार संघात सात वेळा खेळलेला पस्तिशीचा माणूस स्टीलचा धंदा शिकत होता. मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात ही दोन वर्षं सर्वांत जास्त आवडतात. आमच्या क्षेत्रात वरच्या खुर्चीवर थेट येऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. कॉइलच्या कडेला आलेला बर, म्हणजे कापल्यावर राहिलेली धारदार कड, बोटाला कसा लागतो, हे त्यांना ठाऊक नसतं आणि मग ते भलत्याच दराला हो म्हणून बसतात.

१९८० मध्ये बिंग स्टील सुरू झाली. भाड्याचं गोदाम, चार माणसं, अडीच लाख डॉलरचं कर्ज आणि स्वतःचे ८०,००० डॉलर. ती वेळ किती वाईट होती हे इथे सांगायलाच हवं. क्रायस्लर बुडायच्या बेतात होती आणि केंद्र सरकारच्या कर्जहमीवर तग धरून होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकी बँकांचा प्राइम रेट, म्हणजे सर्वांत भरवशाच्या कर्जदारांना लावायचा व्याजदर, २१.५ टक्क्यांवर गेला. एवढ्या व्याजाच्या काळात कर्ज काढून पोलादाचा धंदा करायचा आणि गिऱ्हाईक कोण, तर धापा टाकणारा मोटार उद्योग. सहा महिन्यांत घातलेले सगळे पैसे गेले.

मग त्यांनी धंद्याची घडी बदलली आणि मध्यस्थाची भूमिका घेतली. बाहेरच्या माणसाला वाटतं, मध्यस्थ म्हणजे इकडचा माल तिकडे करायचा आणि कमिशन खायचं. प्रत्यक्षात पोलादाच्या गिरणीतून स्टील येतं ते भल्या मोठ्या कॉइलच्या रूपात, एकेक कॉइल कित्येक टनांची. दरवाजाचं पॅनेल किंवा ब्रॅकेट दाबून काढणाऱ्या कारखान्याला ती तशी नको असते. त्याला नेमक्या रुंदीची पट्टी हवी असते किंवा कापलेले पत्रे हवे असतात, तेही ठरल्या दिवशी, ठरल्या तासाला. कॉइल उभी चिरून घ्यायची, गंज लागू द्यायचा नाही, कापताना वाया जाणारं स्टील दरात बसवायचं, आणि गिरणीला पैसे आधी द्यायचे असताना गिऱ्हाईकाचे नंतर येईपर्यंत खेळतं भांडवल टिकवायचं. एक ट्रक चुकला आणि गिऱ्हाईकाची उत्पादनाची लाइन थांबली, तर वर्षाचा नफा त्या एका फोनवर जाऊ शकतो. असे फोन मी स्वतः घेतले आहेत. समोरचा तुमच्या जर्सीचा नंबर विचारत नाही.

पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं जनरल मोटर्स. अल्पसंख्याकांच्या कंपन्यांकडून माल घ्यावा असं तेव्हा मोटार कंपन्यांचं धोरण होतं आणि त्याचा फायदा झाला, हे मान्यच करायला हवं. माझं म्हणणं एवढंच, की अशा धोरणामुळे पहिली ऑर्डर मिळते. दुसरी मिळते ती पहिल्या ऑर्डरचा माल परत आला नाही तर. दुसऱ्या वर्षी ४२ लाख डॉलरची उलाढाल होऊन कंपनी नफ्यात आली. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या हस्ते अल्पसंख्याक लघुउद्योजकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८५ पर्यंत दोन कारखाने, ६३ माणसं आणि चार कोटी डॉलरची उलाढाल झाली. पुढे त्याचा बिंग ग्रुप झाला, आणि कारखाने त्यांनी शहराच्या हद्दीत ठेवले. बाकीचे एट माइल रोड, म्हणजे शहराची उत्तरेची वेस, ओलांडून उपनगरांत निघून जात होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

इथे थांबले असते तर बिंग यांच्याबद्दल आज कोणी वाकडा शब्द काढला नसता. १९९० मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, नाव, १९९६ मध्ये एनबीएच्या पन्नास सर्वश्रेष्ठ खेळाडूंत नाव, पिस्टन्सने कायमची निवृत्त केलेली २१ नंबरची जर्सी. वय पासष्ट. पण तेव्हाचे महापौर क्वामी किलपॅट्रिक यांना २००८ मध्ये घोटाळ्यात महापौरपद सोडावं लागलं आणि बिंग पोटनिवडणुकीत उतरले. ११ मे २००९ ला शपथ घेतली. १ जूनला, म्हणजे तीन आठवड्यांत, जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. क्रायस्लरने तो एप्रिलअखेरच केला होता.

१९५० मध्ये या शहरात साडेअठरा लाख माणसं होती. २०१० च्या जनगणनेत राहिली ७,१३,७७७. क्षेत्रफळ तेवढंच, सुमारे ३६० चौरस किलोमीटर. म्हणजे तेवढेच रस्ते, तेवढ्याच जलवाहिन्या, तेवढेच दिव्याचे खांब, आणि कर भरणारे निम्म्याहून कमी. शेवटी शेवटी शहरातले सुमारे ४० टक्के पथदिवे बंद होते. बिंग यांनी उघडपणे सांगितलं की एवढ्या पसरलेल्या शहराला सेवा देणं आता परवडत नाही. १०,००० रिकाम्या इमारती पाडायचा संकल्प त्यांनी केला. ‘डेट्रॉईट वर्क्स’ या योजनेतून लोकांनी टिकून असलेल्या वस्त्यांकडे यावं, असा विचार मांडला.

हे खरं होतं आणि बोलायला धैर्य लागतं. तरी इथे बिंग कमी पडले, असंच मला वाटतं. या शहरातल्या कृष्णवर्णीयांनी ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या आपल्या वस्त्या हायवेसाठी आणि ‘पुनर्विकासा’साठी सपाट होताना पाहिल्या आहेत. त्यांना नकाशा दाखवून ‘इथून हला’ म्हटलं की पुढचं काही ऐकू येत नाही. पहिल्याच जाहीर सभेत लोकांचा संताप उसळला. कंपनीत मालकाने आकडे मांडले की निर्णय होतो. शहरात आकडे मांडल्यावर खरं काम सुरू होतं, घरोघर, चर्चमध्ये, नगर परिषदेत. बिंग मितभाषी. ते गल्लीबोळात बसून लोकांना समजावत राहणारे नव्हते, आणि नगर परिषदेशीही त्यांचं सारखं वाजत राहिलं.

पण दिवाळखोरी त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. माणसं साठ वर्षं शहर सोडून जात होती. किलपॅट्रिक यांच्या काळात, २००५-०६ मध्ये, निवृत्तिवेतन निधीत भरायला १४० कोटी डॉलर उसने घेतले गेले आणि त्यावर व्याजदराचे गुंतागुंतीचे करार झाले. मग आली २००८ ची मंदी. एप्रिल २०१२ मध्ये मिशिगन राज्याशी करार करून बिंग यांनी हिशोबावर देखरेख मान्य केली, तीही पुरली नाही. मार्च २०१३ मध्ये गव्हर्नरांनी केविन ऑर यांना आपत्कालीन व्यवस्थापक नेमलं. महापौर बिंगच, पण अधिकार ऑर यांच्याकडे. १८ जुलै २०१३ ला सुमारे १,८०० कोटी डॉलरची देणी घेऊन डेट्रॉईटने दिवाळखोरी मागितली. अमेरिकेतल्या कुठल्याही शहराची ही सर्वांत मोठी. पत्रकारांसमोर बिंग ऑर यांच्या शेजारी उभे होते. त्यांना टाळता आलं असतं.

पुन्हा निवडणूक लढणार नाही हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. पद सोडल्यावर २०१४ मध्ये त्यांनी बिंग यूथ इन्स्टिट्यूट काढली. डेट्रॉईटमधल्या शाळकरी कृष्णवर्णीय मुलांना एकेक प्रौढ मार्गदर्शक जोडून द्यायचा, हे तिचं काम. महिन्याकाठी ठरलेल्या भेटी आणि शाळा पूर्ण होईपर्यंत साथ. नकाशा दाखवून न जमलेलं काम एकेका मुलापासून सुरू करायला त्यांनी सत्तरीत घेतलं. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना अशा मुलांसाठी महिन्यातले काही तास देणं जमण्यासारखं आहे, म्हणून ऑफिसात मी हा विषय काढला आहे. दोघांनी होकार दिला आहे, आणखी कोणाला यायचं असेल तर जरूर कळवा.