तुम्ही विचारलंत म्हणून: कर्ज काढून पोराला इंजिनिअर करावं का?

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. सगळी नोकरी सरकारी बँकेत, त्यातली बरीचशी कर्ज विभागात गेली. त्यामुळे निवृत्त झालो तरी सांगली-तासगावकडच्या आमच्या गोतावळ्यात मी अजून 'बँकेतले साहेब'च आहे. प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, कर्ज काढून पोराला इंजिनिअरिंगला घालू का? का डिग्रीत आता काही राम राहिला नाही?" लग्नाच्या पंगतीत याला जमेल तेवढं उत्तर देतो. इथे जरा ऐसपैस देतो.

थोडक्यात सांगायचं तर, त्या कॉलेजातून त्या शाखेचा मधला मुलगा बाहेर पडल्यावर पहिल्या वर्षी जेवढं पॅकेज मिळवतो, तेवढंच कर्ज काढावं. पहिला नंबरवाला धरू नका, मधलाच धरा. त्या आकड्याच्या आत बसत असेल तर डोळे झाकून घाला. दुप्पट होत असेल तर घालू नका, दुसरी वाट शोधा.

हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. समजा चार वर्षांत दरवर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाख उचलले. व्याज सोयीसाठी १० टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की तेवढ्या काळात कर्ज झोपलेलं असतं. ते झोपत नाही. या काळात सरळव्याज लागतं. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं ७५ हजार, दुसऱ्या वर्षीच्यावर ६० हजार, मग ४५, मग ३०. एकूण २ लाख १० हजार. म्हणजे हप्ता सुरू होतो त्या दिवशी पोराच्या डोक्यावर सहा नाही, ८ लाख १० हजार असतात. दहा वर्षांची फेड घेतली तर महिना साधारण १० हजार ७०० रुपये. पंधरा वर्षांची घेतली तर हप्ता ८ हजार ७०० वर येतो, पण शेवटी भरलेली रक्कम साडेपंधरा लाखांच्या पुढे जाते. हे गणित मी समोर कागदावर मांडून दाखवायचो, तेव्हा वडील गप्प व्हायचे आणि मुलगा मोबाइल खिशात ठेवायचा.

आता दुसरी बाजू. मोठ्या आयटी कंपन्या नव्या पोरांना घाऊक भरतीत जे पॅकेज देतात, ते गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय. त्यातून पीएफ वगैरे जाऊन हातात पडतात महिन्याला २५ हजारांच्या आतबाहेर. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, मेस लावायची, हिंजवडीला जायचं-यायचं आणि त्यातून १० हजार ७०० हप्ता भरायचा. उरलं काय? हप्ता हातातल्या पगाराच्या पाव हिश्श्यात बसला पाहिजे, हा माझा जुना हिशेब. २५ हजारांचा पाव म्हणजे सव्वासहा हजार. एवढ्या हप्त्यात दहा वर्षांत फिटणारं कर्ज मागे मागे मोजत गेलात तर ते येतं बरोबर साडेतीन लाखांवर. पॅकेजएवढं कर्ज म्हणतो ते यासाठी.

मग तो मधल्या मुलाचा पगार कळायचा कसा? कॉलेजच्या फ्लेक्सवर तो नसतो. तिथे असतो 'हायेस्ट पॅकेज', एका मुलाचा, फोटोसकट. प्लेसमेंट सेलमध्ये विचाराल तर 'नव्वद टक्के प्लेसमेंट' ऐकायला मिळेल. नव्वद टक्के कशाचे, सगळ्या वर्गाचे का कॅम्पसला बसायला पात्र ठरलेल्यांचे, ते विचारा. त्याहून सोपं म्हणजे कॉलेजच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची पोरं उभी असतात, त्यांच्यातल्या चार जणांना चहा पाजा. कुणाला कॉल लेटर आलंय, कुणाचं जॉइनिंग पुढे ढकललंय, कोण आता एमपीएससीकडे वळलंय, सगळं अर्ध्या तासात कळतं. मेकॅनिकल आणि सिव्हिलची पोरं जास्त खरं बोलतात, असा माझा अनुभव आहे.

खर्च कमी करण्याची खरी जागा मात्र बँक नाही, प्रवेशाची फेरी आहे. लोक तिथेच चुकतात. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि तालुक्या-तालुक्यांत कॉलेजं निघाली. त्याने आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या पोरांचं भलं झालं, हे मी अजूनही म्हणतो. पण त्याबरोबर फीचा बोजा सरकारच्या खात्यातून घराच्या खात्यात आला. २००१ मध्ये बँकांची शैक्षणिक कर्जाची नमुना योजना आली आणि तो बोजा घरातून आमच्या काउंटरवर पोचला.

सीईटी देऊन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, प्रवेश घेतला तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्युशन फी आणि परीक्षा फी माफ होते. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. काही जागा पूर्ण ट्युशन फी माफीच्या असतात, त्या टीएफडब्ल्यूएसच्या. पंजाबराव देशमुख योजनेतून राहण्या-जेवणाला हातभार लागतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येणारे शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, कॉलेज मधल्या काळात पोराला ऑफिसात उभं करतं, हा त्रास खरा आहे. पण पैसे येतात. तोच मुलगा मॅनेजमेंट कोट्यातून गेला की ही शिष्यवृत्ती त्याच्यासाठी बंद. वर डोनेशन. डोनेशन घ्यायला १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे त्याची पावती नसते, आणि पावती नसलेल्या पैशाला बँक कर्ज देत नाही. मग माणूस आईच्या पाटल्या सोनेतारण करतो, पतसंस्थेत जातो, नाहीतर दोन गुंठे फुंकतो. हे कर्ज शैक्षणिक कर्जाच्या आकड्यात कुठे दिसत नाही, पण घराला पोखरतं तेच. 'कॉम्प्युटरच पाहिजे' या हट्टापायी मॅनेजमेंट सीट घेणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, कॅपमध्ये मिळतेय ती शाखा घ्या, नाहीतर डिप्लोमा किंवा बीएस्सीचा विचार करा. ऐकणारे थोडे.

पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, असल्या ठिकाणी नंबर लागला असेल तर मला विचारायलाही येऊ नका, सरळ जाऊन फी भरा.

आता तारणाचं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही. साडेसात लाखांच्या पुढे गेलात की साधारणपणे घर, जमीन, मुदत ठेव असं काहीतरी द्यावं लागतं. पण तारण नाही म्हणजे जोखीम नाही असं समजू नका. आई-वडील सहकर्जदार असतात. पोराचे हप्ते थकले की वडिलांचं सिबिल बिघडतं, आणि पुढे ट्रॅक्टरचं कर्ज मागायला गेल्यावर ते कळतं. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी योजना २००९ पासून आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला वेळेत बँकेत दिला नाही म्हणून हा फायदा हुकलेले लोक मी पाहिलेत. २०२४ च्या शेवटी पीएम विद्यालक्ष्मी आली, त्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात तीन टक्के सूट आहे, पण निवडक संस्थांच्या यादीतच. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, एवढं तरी बघून घ्या. आणि कुठलीच योजना लागू नसेल तर निदान चालू व्याज दरमहा भरत चला. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिना साडेबाराशे रुपये होतं, चौथ्या वर्षी पाच हजार. तेवढं भरलंत की हप्ता ८ लाखांवर न बसता ६ लाखांवर बसतो.

डिग्री वाया गेली असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बेकार इंजिनिअर असतो. थकलेल्या खात्यांच्या यादीत मला दिसायचे ते बहुतेक वेगळेच, डिग्री पुरी न झालेले. एम-थ्री म्हणजे गणिताचा तिसरा पेपर राहिला, एटीकेटीचा म्हणजे राहिलेल्या विषयांचा डोंगर झाला, वायडी (इयर डाउन) लागला, एक वर्ष गेलं, मग दुसरं. कर्ज चार वर्षांचं मंजूर, पोरगं सहाव्या वर्षी अजून थर्ड इयरला. पगार नाही, डिग्री नाही, व्याज मात्र वेळेवर. अकरावी-बारावीला गणित कसंबसं निघालेल्या मुलाला वडिलांच्या हौसेसाठी इथे ढकलू नका. गणित जड जातंय हे दहावीलाच दिसलं तर दहावीनंतरचा डिप्लोमा मला फार शहाणपणाचा वाटतो. तीन वर्षांत जेई (ज्युनिअर इंजिनिअर) होण्याइतकं किंवा कंपनीत लागण्याइतकं काहीतरी हातात येतं, आणि जमतंय असं दिसलं तर थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री. लांबच्या गाडीला मधे उतरायला एक स्टेशन असावं, तसा तो आहे.

'डिग्री कशाला, आयटीआय करा, प्लंबर इंजिनिअरपेक्षा जास्त कमावतो' हे भाषण मला ऐकवत नाही. भाषण देणाऱ्याचा स्वतःचा मुलगा बहुधा पुण्यात बीटेकला असतो. आयटीआय चांगलाच, चाकणच्या कारखान्यांना फिटर-वेल्डर लागतातच. पण बँकेची कारकुनाची परीक्षा असो की एमपीएससीची राज्यसेवा, दारात पदवीच विचारतात. ती महागच असली पाहिजे असंही नाही. गावच्या कॉलेजातलं बीकॉम किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवी कर्जाशिवाय होते. आमच्या शाखेतले निम्मे लोक तसल्याच पदवीवर लागले होते.

शेवटी मुलींचं, कारण हल्ली निम्मे फोन मुलींसाठी असतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना २०२४ पासून कॅपमधून प्रवेश घेतल्यास पूर्ण ट्युशन फी माफ आहे, आणि बऱ्याच सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट देतात. त्यामुळे कर्ज उरतं ते बहुतेक हॉस्टेल-मेसचं. इथे मी माझी पॅकेजवाली पट्टी सैल करतो. चार वर्षं शिकतेय म्हणून तिच्या लग्नाची घाई थांबते, याची किंमत मला आकड्यात मांडता येत नाही आणि मांडायचीही नाही. तरी एक प्रश्न येतोच, जरा आवाज खाली आणून: "लग्नानंतर हप्ते कोण भरणार?" तीच भरेल, पगार तिचा आहे. फक्त बैठकीत मानपानाचं बोलणं निघायच्या आधी कर्जाचा आकडा आणि राहिलेली वर्षं पाहुण्यांना स्पष्ट सांगा. ऐकून ज्यांना उठायचं असेल, ते तिथेच उठतील.